काकूंची धाकटी

काकू एकट्या राहत असत, आणि तरी रोज सकाळी त्यांच्या खोलीतून दोघींचं बोलणं ऐकू येई.

आम्ही पनवेलला बिऱ्हाड केलं तेव्हा तिथे रेल्वे अजून यायची होती. ह्यांना तार ऑफिसात नेमणूक मिळाली होती आणि नवं लग्न झालेली मी दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी घेऊन ह्यांच्या मागोमाग एसटीतून उतरले होते. घर कौलारू होतं. पुढे ओटी, मागे परसू, परसात विहीर आणि एक उंबर. अर्ध्या घरात घरमालकीण काकू आणि अर्ध्यात आम्ही. मधली भिंत कुडाची, वरून शेणामातीने लिंपलेली. तिच्यातून माणूस दिसत नसे, पण श्वाससुद्धा ऐकू येई.

हे पहाटेच कामावर गेले की घर एकदम रिकामं होई. अशाच एका सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. पलीकडे बंबात पाणी आदळल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही. मग काकू म्हणाल्या, "थांब गं जरा. एवढी घाई कसली?" त्यावर कुणीतरी उत्तर दिलं. तो आवाज घशातला नव्हता. सुरई वाकडी केली की तिच्या गळ्यात पाणी अडून अडून जसं बोलतं, तसं काहीतरी ते होतं, आणि शेवटी बारीक हसल्यासारखं. काकूही हसल्या. म्हणाल्या, "बरं, आता कुणी नाही. बोल काय बोलायचं ते."

माझ्या हातातलं सूप खाली राहिलं. पलीकडे कुणी आलेलं नव्हतं. ओटीवरून आल्याशिवाय त्या खोलीत जायला वाट नव्हती, आणि ओटीवर तर मीच बसले होते.

काकू पन्नाशीच्या असाव्यात. उंच, सडपातळ, गडद काठांचं नऊवारी लुगडं, केस पिकलेले पण दाट. चालताना त्यांचा डावा हात नेहमी पोटावर असे, कडेवरच्या मुलाला धरावं तसा. सकाळी ऊन तुळशीपर्यंत येईस्तोवर त्यांचं दार उघडत नसे. तोवर कुणी कितीही हाका मारल्या तरी आतून ओ येत नसे. दाराखालच्या फटीतून धूर मात्र येई, कारण त्या निखाऱ्यावर ओवा टाकत. ऊन तुळशीवर आलं की दार उघडे, आणि न्हाऊन माखून, चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख करून काकू बाहेर येत. मग दिवसभर त्या कुणाहीसारख्या असत. अंगणात वाळवणं घालत, पोथी वाचत, मला भाकरी थापायला शिकवत. फक्त कुणाच्या घरी जेवत नसत, लग्नामुंजीला जात नसत, आणि कुठेही बसल्या तरी दाराशी, वाऱ्यात बसत.

परसातल्या तारेवर त्यांच्या लुगड्याशेजारी एक लांब, तांबूस, रबरासारखं काहीतरी लोंबत असे. पहिल्यांदा मी ते संधिप्रकाशात पाहिलं, तेव्हा साप म्हणून मागे सरले. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा होतं.

मी विचारलं ते आमच्या भाजीवालीला. ती कोन गावाहून येई, आगरी बाई, डोक्यावर पाटी, पायांत जाड वाळे. सगळ्या आळीत ती अंगणात येऊन पाटी उतरवी, पण आमच्या घराशी आली की रस्त्यातूनच हाक मारी. मी बोलावलं तरी आत येत नसे. कारण विचारल्यावर तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सांगितलं की काकूंची एक धाकटी जाऊ होती, ती तळ्यात बुडून मेली. लय वर्सं झाली. मेली ती गेली नाय. काकूंच्या पोटात जाऊन बसलीय. "अंगात नाय हां बाई," ती म्हणाली, "पोटात हाय. तितूनच बोलतंय. तुमी सांबालून रावा."

ह्यांना मी सांगितलं तर हे हसले. पण त्या दिवसानंतर कामावर जाताना ओटीवरचा कंदील विझवायचं हे विसरू लागले. मीही आठवण करून दिली नाही.

काकू तिला 'धाकटी' म्हणत, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. मी एकदा वालाचं बिरडं दिलं. पनवेलात वाल म्हणजे जीव की प्राण. काकूंनी वाटी परत केली आणि म्हणाल्या, तोंडाला आवडतं ते धाकटीला आवडतंच असं नाही. त्या स्वतः रोज तेच ते खात. मऊ भात, दही, उकडलेलं केळं, कधी मुगाचं वरण. तेही ठरल्या वेळी, अगदी पंचांग पाहून जेवल्यासारखं. "पोट म्हणजे पाहुणा," त्या म्हणत. "वेळेवर वाढलं तर वेळेवर उठतो." त्या वेळी मला तो नुसता तऱ्हेवाईकपणा वाटला होता.

देवळातल्या कीर्तनाची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. बुवांनी आख्यान रंगवून आणलं होतं. राजा हरिश्चंद्र स्मशानात उभा, तारामती समोर, सगळी सभा चिडीचूप. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून तो आवाज आला. लांबलचक, ओला, आणि शेवटी खुदकन. बुवा थांबले. माना वळल्या. काकूंनी पोटावरचा हात हलकेच थोपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धाकटी, गप. लोक ऐकताहेत." बायका उठल्या. गोंधळ न करता, एक एक करून, पदर सावरत लांब जाऊन बसल्या. काकूंच्या भोवती सतरंजी मोकळी पडली. मीसुद्धा उठले असते, पण माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. काकू आरती होईपर्यंत ताठ बसून राहिल्या. वाटेत मला म्हणाल्या, "तुला मुंग्या आल्या हे बरं झालं. मला सोबत झाली." मी त्यांना मुंग्यांबद्दल काही बोलले नव्हते.

ज्या दिवशी मला सगळं कळलं, त्या दिवशी आत काहीतरी जोरात पडलं. पितळेचं भांडं असावं. त्यामागून काकूंचं कण्हणं. मी दारावर थापा मारल्या, हाका मारल्या, शेवटी दार ढकललं. कडी नीट लागलेली नव्हती.

काकू पाटावर बसल्या होत्या. समोर घंगाळ, भिंतीवरच्या खुंटीला एक पांढरं इनॅमलचं भांडं टांगलेलं, त्याला ती तांबूस रबरी नळी. कढत पाण्याचा तांब्या पायावर पडून पाऊल भाजलं होतं. पण मी पाऊल पाहिलंच नाही. त्यांच्या उघड्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, काहीतरी लाल आणि ओलं होतं. डाळिंबाच्या फुलाएवढं. आणि ते हलत होतं. गोगलगाय आक्रसते आणि पसरते, तसं ते आपल्या आपण आक्रसत आणि पसरत होतं, काकू निश्चल बसलेल्या असताना.

मी दाराची चौकट धरली. काकू शांतपणे म्हणाल्या, "आता आलीच आहेस तर दार लाव आणि जवळ ये. नीट बघ. अर्धवट बघितलेलं जास्त भिववतं."

मी जवळ गेले. त्यांनी 'बघ' म्हटलं आणि दोन बोटांनी त्या लाल मांसाला चिमटा काढला. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. मला म्हणाल्या, "दुखत नाही. थंड नाही, गरम नाही, काही नाही. माझ्या अंगाचं आहे आणि मला कळत नाही. मग ते कुणाचं?"

पाऊल बांधता बांधता मी ऐकत होते. काही वर्षांपूर्वी त्यांना खालून रक्त जाऊ लागलं. लाजेपोटी त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, यजमान वारले होते, सांगणार तरी कुणाला. चालवेना तेव्हा भाच्याने मुंबईला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी आतड्याचा सडलेला भाग कापून काढला, खालची वाट शिवून टाकली आणि उरलेलं आतडं पोटाला भोक पाडून बाहेर आणलं. आता जे काही होणार ते इथून, आणि त्यावर आपला ताबा नाही. ते जेव्हा येईल तेव्हा येणार, वारा सुटेल तेव्हा सुटणार, चारचौघांत, देवासमोर, कुठेही. घरी पाठवताना नर्सने कापूस आणि पट्टा दिला. पुढचं ज्याचं त्याने शोधायचं.

ते काकूंनी शोधलं होतं. रोज सकाळी कोमट पाणी नळीने आत सोडायचं आणि आतडं धुऊन निघेपर्यंत बसून राहायचं, म्हणजे दिवस बराचसा कोरडा जातो. ऊन तुळशीवर येईपर्यंतचा वेळ तो होता. मग कातडीला जस्ताचं मलम, नाहीतर ती भाजल्यासारखी सोलते. वर जुन्या धोतराची मऊ घडी. आणि तिच्यावर नारळाची करवंटी, वाळूने घासून, तेल पाजून काचेसारखी केलेली, कडेला कापडाची किनार शिवलेली, कमरेच्या पट्ट्याने बसवलेली. लुगड्यावरून कुणाला ओळखू येत नसे. त्यांच्याकडे अशा बऱ्याच करवंट्या होत्या. उजव्या कुशीवर झोपायचं. कांदा, वाल, कोबी वर्ज्य. निघताना पिशवीत जास्तीच्या घड्या. "भांडायचं नाही," त्या म्हणाल्या, "सांभाळायचं."

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं. मला हायसं वाटलं होतं. भूत नव्हतं, दुखणं होतं. मी तसं बोललेही. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या निम्म्याही वयाची नाही हे मला आठवलं.

मग त्यांनी धाकटीची गोष्ट सांगितली. एकोणीस-वीस वर्षांची पोर, त्यांच्या दिराची बायको. फार हसे. जेवणाच्या पंगतीत, सासऱ्यांसमोर, श्राद्धाच्या दिवशी, कुठेही. बोले तर थांबत नसे. थोरली म्हणून तिला गप्प बसवणं हे काकूंचं काम. दिवसातून किती वेळा 'गप बस' म्हटलं त्याची गणती नाही. एकदा दुपारी काकू ताटं वाढत होत्या, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, जाऊबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. काकू म्हणाल्या, नंतर. ती धुणं घेऊन तळ्यावर गेली. धुणं पायरीवर सापडलं, सगळं पिळून, घडी घातल्यासारखं रचून ठेवलेलं. ती पाण्यात होती. पाय घसरला की आणखी काही, ते कुणाला कळलं नाही. दीर मुंबईला गेला, दुसरं लग्न करून तिकडेच राहिला.

"इस्पितळात डॉक्टरांची फेरी चालू होती," काकू म्हणाल्या. "मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे पोरं, सगळा वॉर्ड गप्प. आणि माझ्या पोटातून पहिल्यांदा आवाज आला. बाकीच्यांना काय वाटलं असेल ते असो. ते हसणं मी बारा माणसांच्या घरात रोज ऐकलंय. मी म्हटलं, आलीस का बाई. ये."

त्यांनी हे सांगितलं ते रडत नव्हे, हसत नव्हे, तर एखादी बाई आपल्याकडे कोण राहायला आलंय ते सांगते तसं.

मला कळल्यानंतर भिंतीपलीकडचं बोलणं कमी भीतीचं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आता तो आवाज आतड्यातल्या वाऱ्याचा आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी काकू काही विचारत आणि उत्तर बरोबर जागच्या जागी येई. एक सकाळ तर मला अजून आठवते. काकू म्हणाल्या, "आज तरी सांग. त्या दिवशी काय सांगायचं होतंस?" बराच वेळ पाणी ठिबकत राहिलं. मग तो आवाज सुरू झाला, एरवीसारखा तुटक नाही, सलग, खालच्या पट्टीत, चांगला लांबला. थांबला. काकू किती तरी वेळाने एवढंच म्हणाल्या, "असं होय."

काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी दार उघडेपर्यंत ऊन तुळशीच्या पुढे ओट्यापर्यंत गेलं होतं.

भाद्रपदात अविधवा नवमीला, म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांच्या दिवशी, काकू धाकटीचं पान वाढत. वर्षभर मऊ भात खाणारी ही बाई त्या दिवशी वडे तळी, खीर करी, गवारीची भाजी, आळूची भाजी, सगळं साग्रसंगीत. त्या वर्षी पान परसातल्या दगडी गडग्यावर ठेवून आम्ही दोघी बाजूला झालो. उंबरावर कावळे होते, खूप होते. एकही खाली उतरला नाही. काव काव नाही, पंख फडफडवणं नाही. सगळे माना वाकड्या करून बघत होते, आणि मला वाटलं पानाकडे नाही, काकूंकडे बघताहेत. मी दर्भाचा कावळा करायचं सुचवलं. तेवढ्यात काकूंच्या पोटातून खुदखुद आवाज झाला. काकूंनी कपाळावर हात मारला, म्हणाल्या, काय वेडी मी, ती इथे आणि पान तिथे. आणि गडग्याशी जाऊन पितराच्या त्या पानातला वडा उचलून त्यांनी खाल्ला. मग खीर. मग दुसरा वडा. उभ्याने, सगळं पान संपेपर्यंत. मी पदर तोंडात धरून उभी होते. आमच्याकडे असलं कुणी मनातही आणत नाही.

पुढचे दोन-तीन दिवस त्यांचे फार हाल झाले. करवंट्या पुरेनात, घड्या वाळेनात, पोटाची कातडी लाल होऊन तिच्यातून पाणी झिरपू लागलं. मी पाणी तापवून देत होते आणि त्या दात आवळून धूत होत्या. मी रागावून म्हटलं, कशाला खाल्लंत. काकू म्हणाल्या, तिच्या वाटचं होतं. तिने वर्षभर माझा दहीभात सोसायचा आणि मी तिचा एक दिवस सोसायचा नाही?

त्याच हिवाळ्यात ती कोनची भाजीवाली एके सकाळी थेट अंगणात आली. पाटी नव्हती. ओटीच्या पायरीशी उभी राहून तिने मला सांगितलं की तिच्या घरवाल्याला मुंबईच्या इस्पितळातून आणलंय. गवताच्या गाड्या हाकणारा धट्टाकट्टा माणूस, तो भिंतीकडे तोंड करून निजलाय, जेवत नाही. भगत आणला, उतारा झाला, काही नाही. मग ती काकूंच्या बंद दाराकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या काकूंच्या पोटात काय हाय ते मना ठावं नाय. पन माज्या मानसाच्या पोटाला डाक्तरांनी भोक पारलाय. तितून येतंय. त्यो म्हनतंय, खाल्ला का येतंय, नाय खाल्ला तं नाय येत. म्हनून खात नाय."

काकूंचं गुपित माझं नव्हतं. पण मी उत्तर द्यायच्या आधीच काकूंच्या दाराची कडी वाजली. ऊन अजून कौलांवरच होतं. एवढ्या लवकर ते दार उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, ओल्या केसांनी. त्यांनी भाजीवालीला विचारलं, किती दिवस झाले जेवून, पाणी पितो का. मग म्हणाल्या, "उद्या गाडी घेऊन ये."

इस्पितळातून आल्यापासून काकू कुठल्या वाहनात बसल्या नव्हत्या. त्यांनी त्या दिवशी दुपारपासून जेवण सोडलं. सकाळी दुप्पट वेळ धुतलं. पिशवीत घड्या, मलमाची डबी, ओव्याची पुडी, वापरलेल्या घड्यांसाठी झाकणाचा डबा आणि न वापरलेल्या करवंट्या भरल्या. बैलगाडीत मी त्यांच्या शेजारी. गाडी हलण्यापूर्वी त्यांनी पोट थोपटून सांगितलं, आज शहाण्यासारखी वाग. भाजीवालीने ते ऐकलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला, पण ती गाडीतून उतरली नाही.

रस्ता खाचखळग्यांचा. प्रत्येक धक्क्याला काकू ओठ मिटून घेत. भाताची खाचरं कापून झाली होती, नुसते खुंट उरले होते. वाटभर कुणी बोललं नाही. धाकटीही नाही.

घरात भर दुपारी अंधार होता. खिडकीला गोणपाट लावलेलं. उंबऱ्यावर राखेची रेघ, आढ्याला लिंबू-मिरची नव्हे तर काळ्या दोऱ्यात बांधलेलं कसलं तरी हाडूक. वास असा की मला डोळे मिटावे लागले. कोपऱ्यात घोंगडीखाली तो माणूस, पाठ आमच्याकडे. खांदे केवढे रुंद आणि त्यांखाली काहीच नाही, घोंगडी नुसती जमिनीवर टाकल्यासारखी. बाहेर गावच्या बायका जमल्या होत्या, पण आत कुणी येत नव्हतं.

काकूंनी भाजीवालीला आणि मला आत ठेवून दार लोटलं. मग त्याच्याजवळ खाली बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं त्यांना समजावायचं असेल, शब्द जुळवत असतील. त्या नुसत्या बसल्या होत्या, वाट पाहत. त्या काळोखात आम्हा चौघांचा श्वास ऐकू येत होता. मग तो आवाज आला. सुरईतलं पाणी, अडत अडत, आणि शेवटी ते हसू.

घोंगडी हलली. त्या माणसाने मान वळवली. डोळे खोल गेलेले. त्याने विचारलं, "कोन हाय?"

"माझी धाकटी," काकू म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजही सांगताना थांबते. विधवा बाई, ब्राह्मणाची, परक्या पुरुषापुढे. त्यांनी खिडकीवरचं गोणपाट ओढून काढलं, लुगड्याची गाठ सैल केली, पट्टा सोडला, करवंटी बाजूला ठेवली आणि उजेडात वळून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. भाजीवालीने तोंडावर पदर घेतला. तो बघत राहिला. त्यांच्या पोटावर ते लाल फूल हळूहळू मिटलं आणि उमललं.

मग त्याने विचारलं, "दुकतं?"

"नाही. चिमटा काढलास तरी नाही."

"किती वर्सं?"

काकूंनी सांगितलं. तो छताकडे बघू लागला. मग बायकोला म्हणाला, पेज हाय का.

त्या दिवशी काकूंनी त्याला धुतलं, मलम लावलं, बायकोला घडी कशी घालायची ते दाखवलं. त्याच्याच घरातला नारळ फोडायला लावून करवंटी कशी घासायची ते शिकवलं. करवंटी चांगली घासली गेली. निघताना काकू म्हणाल्या, "आता एक राहिलं. ह्याला नाव दे. तुझं कुणी गेलेलं असेल ना, ज्याचं तू ऐकलं नाहीस? आठव. मग सोबत होते."

तो पेज पीत होता. वाडगा खाली ठेवून म्हणाला, "नाय बाई. ह्यो माजा प्वाट हाय. दुसऱ्या कोनाचा नाय."

त्याने ते तोडून म्हटलं नाही, साधेपणाने म्हटलं. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांचा हात पोटावर नव्हता. दोन्ही हात मांडीवर, उपडे. कोनपासून पनवेलपर्यंत त्या समोर बैलांच्या पाठींकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे बंबात पाणी पडलं, नळी खुंटीला लागली, ठिबक ऐकू आली. बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पोटाचा आवाज येई, पण काकू उत्तर देत नसत, आणि आवाजही नुसता आवाज असे. मला त्या शांततेची इतकी धास्ती वाटू लागली की मी मुद्दाम भांडी आपटी. एक दिवस काकू माझ्याकडे मुगाची डाळ मागायला आल्या असताना त्यांचं पोट वाजलं. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "पोट वाजलं गं माझं." त्या आवाजाला त्यांनी 'माझं' म्हटलेलं मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, धाकटी? काकू म्हणाल्या, गेली. कुठे म्हणून विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता. त्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या, आणि घर खरोखरीच एकट्या बाईचं झालं होतं.

होळीच्या सुमाराला भाजीवाली आली. आता ती थेट अंगणात येऊन पाटी उतरवी. काकू ओटीवर बसल्या होत्या. तिने त्यांच्या पाया पडून सांगितलं की घरवाला बरा हाय, पुन्हा गाडी जुंपतो, अंगावर मांस धरलंय, सकाळी दार लावून आपलं आपण सगळं करतो, कुणाची मदत घेत नाही. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काकू, एक इचारू? त्यो आत कोनाशी तरी बोलतंय. हाली रोज. मी इचारला तं सांगत नाय. पयलं बोलतंय, मंग गप ऱ्हातंय, जसा कोन सांगतंय आनि ह्यो आयकतंय."

मी काकूंकडे पाहिलं नाही. मला पाहवेना.

काकूंनी विचारलं, "हसू ऐकू येतं?"

भाजीवाली म्हणाली, "येतं. पन त्ये हासनं त्याचं नाय."

काकूंनी पाटीतली मेथीची जुडी उचलली, देठ मोडून पाहिला, परत ठेवली. "त्याला सांग," त्या म्हणाल्या, "तिला मध्येच अडवू नकोस म्हणावं. तिचं बोलून होऊ दे."

आणि पदर सावरून त्या आत गेल्या. त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज मी ऐकला, मग तासभर काही नाही.